पियाजे 'वर्गात लागू' करण्याआधी : मार्गारेट डोनाल्डसन यांचं 'चिल्ड्रन्स माइंड्स'

सिनॉप्सिस लिहायला बसलात की एक वाक्य आपोआप हाताखालून निघतं. "पियाजे यांच्या मते 2 ते 7 वयोगटातील मुले पूर्वक्रियात्मक अवस्थेत असतात, त्यांना संख्येच्या अक्षय्यतेचे आकलन झालेले नसते, म्हणून प्रस्तुत संशोधनात..." आणि मग पुढे अध्यापन कार्यक्रम, प्रायोगिक गट, नियंत्रित गट, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-परीक्षिका. माझ्याही पहिल्या मसुद्यात हे वाक्य होतं. गाईडनी त्यावर काहीच खूण केली नव्हती, म्हणजे ते खपून गेलं असतं. ते मला खटकलं नंतर, एका पातळशा जुन्या पुस्तकामुळे. आज त्या पुस्तकाबद्दल लिहितोय. बालविकासाचा कुठलाही सिद्धांत वर्गातल्या शिकवण्याशी जोडून तुम्ही विषय घेणार असाल, तर नोंदणीच्या आधी ते वाचा. आणि वाचताना त्याच्यावरही फार विश्वास ठेवू नका. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

पुस्तक 1978 चं. मार्गारेट डोनाल्डसन एडिनबरा विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायच्या. 1957 मध्ये त्या जिनिव्हाला पियाजेंच्या संस्थेत राहून काम बघून आल्या होत्या, त्यामुळे टीका लांबून केलेली नाही. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी पियाजेंच्या सिद्धांताचा गोषवारा परिशिष्ट म्हणून दिलाय. माझ्या मते बी.एड.च्या कुठल्याही नोट्सपेक्षा तो चांगला आहे. ज्याच्यावर टीका करायची त्याचं म्हणणं आधी नीट मांडायचं, ही सवय आपल्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये क्वचित दिसते.

आधी पियाजे. टीईटीसाठी आपण चार अवस्था आणि वयं पाठ करतो, पण ती वयं कशातून आली हे फारसं कुणी विचारत नाही. ती आली ठरावीक कृतींतून. मुलासमोर सोंगट्यांच्या दोन ओळी मांडायच्या, एकासमोर एक. "दोन्हींत सारख्याच आहेत का?" मूल हो म्हणतं. मग मुलाच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवायची किंवा आखडून घ्यायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. चार-पाच वर्षांची बरीच मुलं म्हणतात, लांब ओळीत जास्त. यावरून निष्कर्ष असा की संख्या अक्षय्य राहते हे मुलाला अजून उमगलेलं नाही. दुसरी कृती तीन डोंगरांची. टेबलावर तीन डोंगरांचं मॉडेल असतं, समोरच्या बाजूला एक बाहुली ठेवायची आणि विचारायचं, बाहुलीला काय दिसतंय? चित्रांतून निवड. लहान मुलं स्वतःला दिसतं तेच चित्र उचलतात. म्हणून ती स्वकेंद्रित.

डोनाल्डसनबाईंचा मुद्दा एका ओळीत सांगता येतो. मूल प्रश्नातल्या शब्दांना उत्तर देत नाही, विचारणाऱ्या माणसाला काय म्हणायचंय याला उत्तर देतं. मोठ्या माणसानं मुद्दाम माझ्यासमोर ओळ हलवली आणि लगेच तोच प्रश्न परत विचारला, म्हणजे हलवण्याशी प्रश्नाचा काहीतरी संबंध असणार. हा तर्क चुकीचा नाही. उलट रोजच्या व्यवहारात तोच बरोबर असतो.

हे तपासायला जेम्स मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी 1974 मध्ये जो प्रयोग केला तो तुमच्यातल्या काहींनी ऐकलेला असेल. ओळ प्रयोगकर्त्यानं हलवायची नाही. एक खट्याळ टेडी खोक्यातून बाहेर येतो आणि खेळ 'बिघडवतो', सोंगट्या विस्कटतो. मग तोच प्रश्न. 4 ते 6 वर्षांच्या 80 मुलांपैकी नेहमीच्या पद्धतीत 13 मुलांनी बरोबर उत्तरं दिली, टेडी आल्यावर 50 मुलांनी. मुलं तीच, सोंगट्याही तशाच. बदललं एवढंच की हलवण्यामागे मोठ्या माणसाचा हेतू राहिला नाही.

दुसरा प्रयोग मार्टिन ह्यूज यांचा. अधिक चिन्हासारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती, एक पोलीस बाहुला, एक मुलगा बाहुला. "पोलिसाला दिसणार नाही असा त्या मुलाला लपव." साडेतीन ते पाच वर्षांच्या 30 मुलांची 90 टक्के उत्तरं बरोबर आली, आणि यात दोन-दोन पोलिसांच्या नजरेतून लपवणंही होतं. डोंगरांपुढे स्वकेंद्रित ठरणारं मूल पोलिसापुढे ठरत नाही, कारण पकडापकडी त्याला कळते. कुणी कशापासून का लपतं हे त्याला सांगावं लागत नाही.

तिसरा मला सगळ्यात आवडतो, कारण तो मराठीतही जसाच्या तसा उतरतो. चार खेळण्यातल्या गाई, तीन काळ्या, एक पांढरी. "काळ्या गाई जास्त की गाई जास्त?" पियाजेंच्या वर्गसमावेशाच्या कृतीचं हेच रूप. सरासरी सहा वर्षांच्या 48 मुलांपैकी 12 जणांनी बरोबर सांगितलं. मग मॅकगॅरिगलनी सगळ्या गाई आडव्या केल्या आणि त्या झोपल्यात असं सांगून विचारलं, "काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?" आता 23 जणांचं उत्तर बरोबर आलं. प्रश्न तर्काच्या दृष्टीनं तोच, पण 'झोपलेल्या' या शब्दानं पूर्ण गट डोळ्यांसमोर उभा केला. पहिला प्रश्न घरी कुणालाही विचारून बघा. मोठी माणसंही क्षणभर अडखळतात आणि "म्हणजे पांढऱ्या की काळ्या?" असं विचारतात.

इथून एक गोष्ट मी तुमच्यासाठी वेगळी काढतो, कारण ती पुस्तकात असणं शक्य नाही. आपण या कृती मराठीत करतो तेव्हा 'सारखं' हा शब्द वापरतो. "दोन्हींत सारखंच पाणी आहे का?" मराठीत 'सारखं' म्हणजे तेवढंच, आणि 'सारखं' म्हणजे दिसायला तसंच. "ती आईसारखी दिसते" यात मोजमाप नाही. शिवाय "सारखा रडतोय" म्हणजे सतत, ते वेगळंच. आता बुटक्या ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतलं आणि विचारलं, "सारखं आहे का?" तर पाच वर्षांचं मूल नाही म्हणेल, आणि एका अर्थानं ते खरंच सांगत असेल. "तेवढंच आहे का?" असं विचारलं तर काय होईल? मी हा फरक नीट तपासलेला नाही. पण ज्या मराठी साधनात प्रश्न 'सारखं' या शब्दावर उभा आहे त्याच्या वैधतेबद्दल व्हायवाला तुम्हाला कुणी विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर हवं. "प्रमाणित कसोटीचे भाषांतर केले" हे उत्तर नाही.

आणि "तोच प्रश्न परत" हा प्रकार तर आपल्या वर्गांचा श्वास आहे. मूल बरोबर उत्तर देतं, शिक्षक म्हणतात, "नक्की?" मूल लगेच उत्तर बदलतं. परत विचारलं म्हणजे चुकलं असणार, हे पहिलीतच शिकून होतं. 1974 मध्येच सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी अक्षय्यतेच्या कृतीतला पहिला प्रश्न काढून टाकला, बदल झाल्यावर एकदाच विचारलं, आणि सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. माझ्या पायलटच्या वेळी मी हे वाचलेलं नव्हतं. एका शाळेत पहिलीतल्या मुलीसमोर चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या, ती म्हणाली सारख्या. एक ओळ पसरवली, पुन्हा विचारलं. तिनं चिंचोक्यांकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यात जास्त." मी तक्त्यात खूण केली, अक्षय्यता नाही. मधल्या सुट्टीत ती जवळ येऊन विचारते, "सर, मगाशी माझं चुकलं होतं का?" तिचा प्रश्न पहिल्या उत्तराबद्दल होता. मी तक्त्यात दुसऱ्याची नोंद केली होती. ती नोंद तशीच राहिली असती तर माझ्या प्रबंधात ती मुलगी 'पूर्वक्रियात्मक' म्हणून बसली असती, आणि तिच्या शिक्षकांना मी शिफारस केली असती की हिला अजून बेरीज देऊ नका.

एवढं वाचून बरेच जण थांबतात. 'पियाजेंनी मुलांना कमी लेखलं' असं एक वाक्य पाठ होतं, खाली डोनाल्डसन (1978) असं लिहून होतं. मला वाटतं तिथेच दोन चुका होतात.

पहिली चूक म्हणजे हे प्रयोग तपासून न घेणं. आपण सायन्सवाले पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकतो की एका वेळी एकच चल बदलायचं. (गंमत म्हणजे पियाजे आणि इन्हेल्डर यांनी लंबकाच्या कृतीतून नेमकी हीच क्षमता औपचारिक क्रियात्मक अवस्थेची खूण मानली होती.) आता पोलिसाचा प्रयोग बघा. संदर्भ ओळखीचा झाला हे खरं, पण सोबत कामही सोपं झालं. पोलिसाला मुलगा दिसतो की नाही, हा एक प्रश्न. पोलिसाला ते दृश्य कसं दिसतं, हा दुसरा. जॉन फ्लॅव्हेल यांनी पुढे हा फरक पहिली आणि दुसरी पातळी असा स्पष्ट केला. डोंगरांची कृती दुसऱ्या पातळीची आहे, पोलिसाची पहिल्या. मग पोलिसाच्या यशावरून डोंगरांचा निष्कर्ष खोडता येत नाही. एवढंच म्हणता येतं की साडेतीन वर्षांचं मूल सरसकट स्वकेंद्रित नसतं. तेही महत्त्वाचं आहे, पण नोट्समध्ये लिहितात तेवढं मोठं नाही.

टेडीचंही तसंच. 1986 मध्ये मूर आणि फ्राय यांनी टेडीला खरोखरच संख्या बदलायला लावली, म्हणजे सोंगटी वाढवायला किंवा काढून घ्यायला. आता बरोबर उत्तर "सारख्या नाहीत" असं होतं. टेडी असताना मुलांच्या इथे उलट जास्त चुका झाल्या. याचा एक अर्थ असा की टेडीच्या खोडीत मुलांचं लक्ष गुंतलं, सोंगट्यांकडे गेलंच नाही, आणि मूळ प्रयोगातलं "सारख्या" हे उत्तर काही मुलांनी बदल न पाहताच पहिल्यासारखं ठेवलं. म्हणजे नेहमीची कृती मुलाला 'नाही'कडे ढकलते आणि टेडी 'हो'कडे. मुलाला खरंच काय कळतं हे दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. आणि गाईंच्या प्रयोगात प्रश्न सुधारल्यावरही 48 पैकी 25 मुलं चुकलीच की. त्यांचं काय, हे पुस्तक फारसं विचारत नाही. बाईंची लेखणी इतकी स्वच्छ आहे की वाचताना हे प्रश्न पडतच नाहीत, आणि मला ते पुस्तकाचं बळही वाटतं आणि दोषही.

दुसरी चूक मोठी आहे. पुस्तकाचा उत्तरार्ध कुणी वाचत नाही. प्रयोग पहिल्या निम्म्यात आहेत, परीक्षेला तेच येतात. पण डोनाल्डसन यांचा मूळ प्रश्न पहिल्याच प्रकरणात आहे, आणि तो पियाजेंबद्दल नाही, शाळेबद्दल आहे. पहिलीत इतकी उत्साही, चटपटीत असणारी मुलं काही वर्षांत शाळेत मागे का पडतात? टेडीच्या आणि पोलिसाच्या प्रयोगांवरून त्यांनी काढलेलं उत्तर असं की माणसाच्या हेतूंत, प्रसंगांत रुतलेला विचार मुलांना लवकर जमतो. शाळा मात्र प्रसंग सोडून दिलेला विचार मागते. केवळ शब्दांत जे दिलंय तेवढ्यावरच चाल, तुझं घरचं माहीत असलेलं मधे आणू नकोस. "एका शेतकऱ्याकडे 12 बैल आहेत" म्हटल्यावर "एवढे बैल कुणाकडे असतात?" हे शहाणपणाचं वाक्य शाळेत चुकीचं उत्तर ठरतं.

यावर बाईंचा उपाय काय? इथेच आपल्याकडचं वाचन घसरतं. सगळं शिकवणं संदर्भात बसवा, खेळातून करा, मूर्त ठेवा, असं त्या म्हणतील असं वाटतं. त्या तसं म्हणत नाहीत. संदर्भ सोडून विचार करणं ही शिकवण्याची गोष्ट आहे आणि ती शाळेनं शिकवलीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे. वाचायला शिकणं त्यांना यासाठीच महत्त्वाचं वाटतं. बोललेलं वाक्य माणसाच्या आवाजात, हातवाऱ्यांत विरघळून जातं. छापलेलं वाक्य जागेवर थांबतं. त्यामुळे भाषेकडेच, शब्दांचा अर्थ नेमका काय याकडे, थांबून बघायची संधी मुलाला पहिल्यांदा वाचताना मिळते. तीच क्षमता पुढे गणितात लागते.

हे मला आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 नंतर 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आपल्या प्राथमिक शाळांत पोचला. फरशीवर आखलेले तक्ते, मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे, चिंचोके आले. मी हे सगळं चांगलं मानतो. पण काही वर्गांत तिसरीतली मुलं अजून गठ्ठेच सोडबांध करताना बघितलीत आणि शिक्षक म्हणतात, "अजून मूर्त अवस्थेत आहेत ना." इथे सिद्धांत मुलांना थांबवून धरायला वापरला जातोय. ज्या मुलाच्या घरी पुस्तकं आहेत, कोडी घालतात, "असं समज की" म्हणून बोलतात, त्याला गठ्ठ्यांकडून अंकांकडे जायचा रस्ता घरी मिळतो. ज्याला तो घरी मिळत नाही त्याच्यासाठी शाळा हा एकच रस्ता, आणि तिथे आपण पियाजेंचं नाव घेऊन पाटी लावतो, पुढे जायला वेळ आहे. पियाजेंनाही हे पटलं असतं असं मला वाटत नाही. मुलांना अवस्थांमधून लवकर पुढे कसं ढकलायचं या प्रश्नाला ते 'अमेरिकन प्रश्न' म्हणायचे हे खरं, पण अवस्था हे प्रवेशबंदीचं कारण असावं असं त्यांनी म्हटलेलं नाही. त्यांना मुळात शिकवण्यात रस कमी होता. पॅरिसमध्ये तरुणपणी बुद्धिमापनाच्या कसोट्यांवर काम करताना त्यांचं लक्ष मुलांच्या चुकीच्या उत्तरांनी वेधलं होतं, आणि ज्ञान कसं तयार होतं हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय राहिला. वर्गात काय करायचं हे आपण त्यांच्या तोंडी घातलंय.

मग सिद्धांत वर्गात नेऊच नये का? तसंही नाही. मायकेल शायर आणि फिलिप अ‍ॅडी यांनी 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये विज्ञानाच्या तासांना धरून एक कार्यक्रम केला. साधारण 11 ते 14 वयाच्या मुलांसाठी, दोन वर्षांत जेमतेम तीसेक पाठ, चल नियंत्रण, गुणोत्तर, संभाव्यता अशा औपचारिक क्रियांभोवती रचलेले. पुढे शालान्त परीक्षेत त्यातल्या मुलांची कामगिरी विज्ञानातच नाही, गणितात आणि इंग्रजीतही चांगली दिसली. इथे अवस्थेचा उपयोग काय द्यायचं नाही हे ठरवायला झालेला नाही. मुलाला कुठल्या पेचात टाकायचं हे ठरवायला झालाय. अर्थात त्या पाठांत व्हिगॉट्स्कीही होते, मुलांची आपसातली चर्चा होती, आपण कसा विचार केला यावर मागे वळून बोलणं होतं. त्यामुळे परिणाम पियाजेंमुळे झाला की चांगल्या चर्चेमुळे, हे त्या रचनेतून वेगळं काढता येत नाही. तुमच्या 'परिणामकारकता' वाल्या शीर्षकाची अडचण हीच असणार आहे. प्रायोगिक गटाला नवं साहित्य, नवा माणूस, जास्त लक्ष मिळतं, नियंत्रित गटाला नेहमीचा तास. टी-मूल्य सार्थ येतं. पण सिद्ध काय झालं? सिद्धांत बरोबर आहे हे तर नक्कीच नाही.

व्हिगॉट्स्कींबद्दल वेगळं लिहायला हवं. 'निकट विकास क्षेत्र' म्हणजे फक्त 'शिक्षकाची मदत' असं समजून जे प्रबंध झालेत त्यांच्यावर एक पूर्ण लेख होईल. पण टेडीनं शिकवलेली गोष्ट तिथेही लागते. मुलानं मदत घेऊन जे केलं ते त्याला मदतीतलं काय समजून केलं, हे तुमच्या निरीक्षण तक्त्यात कुठे दिसतं?

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी काढलं. त्या जागी आता हे आहे: "पहिलीतील मुले अक्षय्यतेच्या कृतीत देत असलेली उत्तरे प्रश्नाच्या शब्दरचनेनुसार आणि प्रश्न किती वेळा विचारला यानुसार बदलतात का, हे पाहणे." साधन पुन्हा तयार करतोय. प्रत्येक कृतीच्या दोन आवृत्त्या, एकीत 'सारखं', दुसरीत 'तेवढंच', आणि प्रश्न एकदाच. शिवाय काही वेळा खरोखर एक चिंचोका कमी करायचा, म्हणजे "हो" म्हणायची सवय पकडता येईल. विषय आकसला, नमुना लहान झाला, आणि समितीतले एक सर म्हणाले की यात 'शैक्षणिक उपयोजन' दिसत नाही. पुढच्या बैठकीत मला त्यांना याचंच उत्तर द्यायचंय.